चाकातलं रक्त

"मागे सरका, मागे! रस्त्याची भूक बघायची तर जागा द्यावी लागते!"

मांत्रिक ओमुर बाकशींनी हात वर केला आणि गर्दी दोन पावलं मागे हटली. साझ-बुलाक गाव संपून तेरेक खिंडीचा चढ जिथे सुरू होतो, तिथे त्या सकाळी अकरा गाड्या रांगेने उभ्या होत्या. बेकरीची, लोण्याची, सफरचंदांची, सिमेंटची, शिवाय दोन टॅक्स्या. खिंडीवर आदल्याच दिवशी पहिला बर्फ पडला होता. मालक, ड्रायव्हर, ड्रायव्हरांच्या बायका, आणि ज्यांना घरी काहीच उद्योग नव्हता असे शंभरेक लोक थंडीत पाय आपटत उभे होते.

बाकशी लोण्याच्या गाडीपाशी आले. एका हातात लोखंडी तवा, त्यात आर्चा नावाच्या डोंगरी झुडपाच्या धुमसणाऱ्या फांद्या. गाडीभोवती तीन फेऱ्या झाल्या, धुराने लोक खोकले. मग त्यांनी तव्यातली राख ढवळली, पुढच्या चाकावरून उजवा तळहात फिरवला आणि चाकाला कान लावला. चाक जणू त्यांना घरची उणीदुणी सांगत होतं, अशा थाटात ते मान हलवत राहिले. शेवटी पितळी झारी गदागदा हलवून त्यांनी चाकावर पाण्याची धार सोडली.

पाणी चाकाला लागलं आणि लाल झालं. लालभडक ओघळ चाकावरून खालच्या बर्फात उतरले. एक बाई किंचाळली. लोण्याच्या धंद्याची मालकीण जिपारा हिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी नाही म्हणत, रस्ता म्हणतोय!" बाकशींनी आवाज चढवला. "मी कोण? मी गरीब माणूस. रस्ता बोलतो, मी त्याचा दुभाषा. या गाडीकडे त्याने रक्त मागितलंय!"

"उपाय सांगा, अक्साकाल," जिपारा म्हणाली. वडीलधाऱ्यापुढे वाकावं तशी ती वाकली.

उपाय ठरलेला होता. एक मेंढी, नाहीतर मेंढीची किंमत. ती कबूल झाली की बाकशी ताकाच्या निवळीचं भांडं उचलत. घरात साप निघाला तर त्याच्यावर दूध-ताक, काहीतरी पांढरं ओतून त्याला वाटेला लावायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे निवळी ओतताना कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. निवळी पडली, लाल ओघळ विरले. पुन्हा झारीतलं पाणी ओतलं, ते स्वच्छ. गर्दीने निःश्वास टाकला. मग त्याच झारीतलं वाडगाभर पाणी ड्रायव्हरला प्यायला दिलं, वर वाटेसाठी एक बाटली.

"आता नीट ऐक," बाकशी ड्रायव्हरला म्हणाले. "पलीकडच्या पुलापर्यंत थांबायचं नाही. चहाला नाही, लघवीला नाही, डुलकीला तर नाहीच. चाक थांबलं की रस्त्याला आठवण होते."

"आणि थांबलो तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"बेकमातला विचारा जाऊन."

बेकमात हा जिपाराचाच ड्रायव्हर. चाळीस दिवसांपूर्वी तो गाडीसकट खिंडीपलीकडच्या दरीत गेला होता. बाकशींनी त्याचीही गाडी धुतली होती, पण तो वाटेत थांबला असणार, असा निकाल त्यांनी दिला होता. गाडी पोचली तर बाकशींची कृपा, नाही पोचली तर ड्रायव्हरचं पाप. असा धंदा बुडतो कधी?

मारिपा गर्दीत सगळ्यात मागे हाताची घडी घालून उभी होती. त्रेसष्ट वर्षांची ही बाई सत्तावीस वर्षं सरकारी डेपोत परिचारिका होती. तिथे नियम होता: रोज गाडी निघण्याआधी ड्रायव्हरने तिच्या खिडकीशी यायचं. ती नाडी बघायची, रक्तदाब बघायची, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायची, तोंडाचा वास घ्यायची आणि मगच कागदावर शिक्का मारायची. डेपो बंद पडला, गाड्या खाजगी झाल्या, खिडकी कुणी विचारेना. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याने तिला पुन्हा कामाला लावलं होतं. गावातल्या छोट्या धंदेवाल्यांकडे जायचं, ड्रायव्हर किती तास चालवतो, किती झोपतो, ब्रेक कधी बघितले, माल किती भरला, हे विचारून वहीत लिहायचं आणि सुधारायला मदत करायची. धंदेवाले तिला प्रेमाने बसवत, चहा देत, रोटी मोडत, मुरंबा पुढे करत. मोठ्या बहिणीला म्हणावं तसं "एजे, अगदी बरोबर बोलता," म्हणत. आणि ती दाराबाहेर पडली की बाकशींना फोन लावत.

तिला या सगळ्याची चीड होती, पण आज ती मुद्दाम आली होती. कारण लोण्याच्या या दुसऱ्या गाडीवर बेकमातच्या जागी आता तिचा मुलगा होता.

"तालाय," ती गाडीच्या खिडकीशी गेली, "किती झोपलास?"

"पुरेसं."

"पुरेसं म्हणजे किती तास?"

"आई, तुझा डेपो बंद झालाय." सव्वीस वर्षांचा तालाय हसला, पण त्याचे डोळे तांबारलेले होते. पहाटे तीनला तो ओश शहरातून परतला होता आणि सहाला उठला होता. तिनेच त्याला उठवलं होतं, अंडी करून घातली होती, आणि भांडण नको म्हणून गप्प बसली होती.

"ब्रेक ओरडत होता तुझा. मी अंगणातून ऐकलंय."

"ऐकलंस ना? म्हणजे ब्रेक जिवंत आहे," तो म्हणाला. बाजूचे ड्रायव्हर खिदळले.

"एजे, आज वही नाही आणलीत?" जिपारानेही हसून घेतलं. भीती गेल्यावर माणसाला जसं हसू येतं, तसं तिला येत होतं. "बाजार उद्याचा आहे. पुढच्या आठवड्यात सगळे ब्रेक बदलते, शपथ. आणि आज तर गाडी धुऊन झालीय."

तालाय निघून गेला. त्याच्याही आधी सफरचंदवाल्या केन्जेबायचा ट्रक निघाला होता, कुबान नावाच्या ड्रायव्हरला घेऊन. मारिपा पहिल्या वळणापर्यंत लोण्याची गाडी बघत राहिली, आणि मग उल्जानच्या घरी गेली. उल्जान म्हणजे बेकमातची बायको. त्या दिवशी त्याचा चाळिसावा दिवस होता, त्या जेवणाच्या मोठ्या कढया घासायच्या होत्या.

अंगणात उल्जान एकटीच राखेने कढई घासत होती. मारिपाने बाह्या सरसावल्या. तिनेही एक कढई ओढून घेतली. मग उल्जान उठली आणि आतून पाण्याची एक बाटली घेऊन आली.

"ही त्याच्या सीटखाली सापडली, एजे. बाकशींनी दिलेली. घरात ठेववत नाही आणि टाकवत नाही."

"टाकून दे."

उल्जानने बाटली उघडली आणि हातासरशी समोरच्या कढईत उपडी केली. कढईला आतून राख फासलेली होती. पाणी राखेला लागलं, आणि कढईत रक्त साचलं.

उल्जान मागच्या मागे कोसळली. "त्याचं आहे! एजे, हे त्याचं रक्त आहे!"

मारिपालाही क्षणभर ते खरं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण ती सत्तावीस वर्षं माणसांचं खरं रक्त बघत आली होती. रक्त असं गुलाबीवर जात नाही आणि रक्ताला वास असतो. तिने अर्धी राहिलेली बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी पांढरी पूड बसली होती. तिने एक थेंब जिभेवर ठेवला.

"पुर्गेन," ती म्हणाली.

"काय?"

"पुर्गेन ग. जुलाबाच्या गोळ्या! दिवसभर बसून ड्रायव्हरांची पोटं साफ व्हायची नाहीत. मी डेपोत पोतंभर वाटल्या असतील." ती भराभर बोलू लागली. "आम्हाला नर्सिंगच्या शाळेत शिकवलेलं. या गोळीत जे औषध असतं ना, फिनॉल्फ्थॅलीन, ते सोड्याच्या नाहीतर राखेच्या पाण्याला लागलं की लाल होतं, आणि आंबट पडलं की रंग जातो. राख! तो हात फिरवतो तो राखेचा हात आहे!"

उल्जानचा चेहरा हळूहळू पिळवटला. "एजे, त्याने मला खिंडीतल्या बोगद्यापाशी असताना फोन केला होता. म्हणाला, काल गाडी धुताना ते पाणी प्यायल्यापासून पोटात मुरडा येतोय, डोळे मिटतायत, ब्रेकचं पेडल खोल जातंय. थांबू का, म्हणाला. मी म्हटलं, बाकशींनी सांगितलंय तसं कर. कुणाला बोलले नाही मी हे. थांबला म्हणून गेला असं सगळे म्हणतात, मी ऐकून घेते."

म्हणजे बेकमात थांबलाच नव्हता. अर्धवट झोपेत, पोट धरून, गरम झालेल्या ब्रेकवर पाय दाबत तो उतारावरून तसाच गेला होता. आणि तालाय आज तेच पाणी वाडगाभर प्यायला होता. मारिपाने फोन काढला. बोगद्याच्या तोंडापर्यंत रेंज असते, पलीकडे पुलापर्यंत चाळीस किलोमीटर काही नाही. तालायला निघून तास झाला होता. बोगद्याला अजून अर्धा तास.

"तालाय, गाडी बाजूला घे."

"आई, मी वळणावर आहे."

"बेकमात थांबला नव्हता रे! उल्जान इथेच आहे, तिला विचार. त्या पाण्यात औषध आहे, ते रक्तबिक्त सगळं ढोंग आहे."

"तू म्हणणारच. तुला त्यांचा पहिल्यापासून राग." तो जांभई देत होता, तिला ऐकू येत होती. "गाडी जिपारा-एजेची आहे. ती थांब म्हणाली तर थांबेन. फोन ठेवतो."

मारिपाने बाटली घेतली, उल्जानने तिचा हात धरला, आणि राखेने माखलेल्या त्या दोघी बायका गावाच्या टोकाकडे पळत सुटल्या. मारिपाचे गुडघे कधीपासून बोलत होते, त्या दिवशी तिने त्यांचं ऐकलं नाही.

बाकशींनी धुतलेली शेवटची गाडीही निघून गेली होती. आता ते गालिच्यावर बसून, भोवती जमलेल्या मालकांना पुढच्या आठवड्याचे मुहूर्त देत होते.

"जिपारा," मारिपाला दम लागला होता, "तालायला फोन कर. थांबव त्याला."

"आता मध्येच? एजे, भलतंच काय!"

"थांबवा? गाडी थांबवा?" बाकशी उठून उभे राहिले. "ही बाई आपल्या पोटच्या पोराला रस्त्याच्या तोंडी देतेय! बघून घ्या, लोकहो!"

लोक कुजबुजू लागले. मारिपाला कळलं की ओरडून काही उपयोग नाही. तिने आवाज खाली आणला. "अक्साकाल, एवढी एक विनंती. तुमच्या झारीतलं पाणी या तव्यातल्या राखेवर ओता."

"राखेवर? कशासाठी?"

"बघू या, रस्ता राखेकडेही रक्त मागतो का. तिला बिचारीला कुठे खिंड ओलांडायचीय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकशी हसले नाहीत. "पवित्र पाणी खेळायला नसतं. आणि बायकांनी झारीला हात लावायचा नसतो."

"मग माझ्या नवऱ्याच्या पाण्याला तर लावू शकते ना?" उल्जान पुढे आली. मारिपाच्या हातातली बाटली घेऊन तिने हलवली आणि तव्यातल्या राखेवर धार धरली. राखेतून लाल पाणी उसळून तव्याच्या काठाने खाली गळू लागलं.

मारिपाने मूठभर राख घेतली आणि आपल्या तळहाताला फासली. उल्जानने त्यावर पाणी ओतलं. हात लाल झाला. तिने तो सगळ्यांसमोरून फिरवला, मग निवळीच्या भांड्यात बुडवून वर काढला. लाल गेलं होतं.

"झाला का माझा हात पवित्र? दर्शन घ्या," ती म्हणाली. "जुलाबाच्या गोळ्या कुटून पाण्यात टाकल्यात. तळाशी बसतात म्हणून झारी हलवावी लागते. राख लागली की लाल, आंबट लागलं की साफ. ज्यांच्या चाकावर राखेचा हात फिरला ते मेंढी देणार, ज्यांच्या चाकावर कोरडा फिरला ते सुटले. विश्वास नसेल तर याचे दोन्ही हात बघा."

सगळ्यांच्या नजरा बाकशींच्या हातांवर गेल्या. उजवा काळा होता, डावा धुतल्यासारखा स्वच्छ. त्यांनी दोन्ही कोटाच्या खिशात घातले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे हात लपवून झालं.

"आणि ज्या गाड्या सुखरूप पोचल्या?" बाकशी गरजला. "त्या कोणी पोचवल्या?"

"ड्रायव्हरांनी. हा गावात यायच्या आधीही तेच पोचवत होते. उल्जान, तू सांग यांना."

उल्जानने भरल्या गर्दीत तो फोन सांगितला. शब्दाला शब्द, स्वतःला न वाचवता. तिचं बोलून होईतो जिपाराचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिने फोन हातात घेतला होता, पण अंगठा पुढे जात नव्हता.

"एजे... आणि तुमचं चुकत असलं तर?"

"तर लोणी दोन तास उशिरा पोचेल," मारिपा म्हणाली. "आणि याचं चुकत असलं तर?"

जिपाराने फोन लावला. घंटी वाजत राहिली. मारिपा मनातल्या मनात वळणं मोजत होती. सातव्या घंटीला तालायचा आवाज आला, मागे बोगद्याच्या पंख्यांचा घरघराट.

"थांब!" जिपारा ओरडली. "आहेस तिथे, आत्ता, बाजूला घे! हो, मी सांगतेय! बाकशी गेला खड्ड्यात!"

पाच मिनिटांनी तालायने स्वतःहून फोन केला. बोगद्याच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत तो गाडीखाली वाकला होता. मागच्या उजव्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं, त्या तेलाची टाकी जवळजवळ रिकामी होती. "आई," तो म्हणाला, "थांबलोय मी." मारिपा खाली बर्फातच बसली आणि हमसून हमसून रडली.

दोघा-तिघांनी बाकशीची कॉलर धरली होती. मारिपाने रडतच त्यांना हटकलं. "त्याला नंतर बघा! त्याला पोलीस बघतील. आधी फोन लावा, ज्याने त्याने आपापल्या ड्रायव्हरला!"

मग तिथे शंभर माणसं एकाच वेळी 'थांब, थांब' म्हणत होती. बेकरीचा सापडला, सिमेंटचा सापडला, दोन्ही टॅक्स्या सापडल्या. अकरापैकी दहा जणांनी फोन उचलला. केन्जेबाय एकटा फोन कानाला लावून उभा होता. कुबान सगळ्यांच्या आधी निघाला होता, बोगदा केव्हाच ओलांडून गेला होता. केन्जेबाय पुन्हा लावायचा, ऐकायचा, पुन्हा लावायचा. दुपारी दीड वाजता पलीकडच्या पोलीस चौकीतून त्यालाच फोन आला.

कुबानचा ट्रक पुलाच्या अलीकडे तीन किलोमीटरवर कड्याला धडकला होता. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नव्हती. झोप लागली असावी, असं पोलीस म्हणाले. तो एकोणतीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी कुबानच्या अंगणात प्रार्थना झाल्यावर ती सांगणाऱ्या मोल्दोंनी मारिपाला बोलायला सांगितलं. तिला भाषण येत नव्हतं. ती उभी राहिली आणि मालकांच्या बाजूला तोंड करून बोलली.

"धूर करायचा असेल तर करा. मीही करते, मला तो वास आवडतो. पण धुराने ब्रेक घट्ट होत नाही आणि पाण्याने झोप जात नाही. रस्त्याला भूक नसते. आपल्याला घाई असते. बाजार उद्याचा असतो, माल आपला असतो, आणि गाडीत बसतो दुसऱ्याचा मुलगा. माझाही बसला होता, आणि मी त्याला अंडी करून घातली आणि गप्प बसले. तेव्हा हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की आधी विचारा, कसा केला? आणि गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरला विचारा, किती झोपलास? त्याचं उत्तर नीट ऐका, आणि जे ऐकाल त्याप्रमाणे वागा. यापेक्षा जास्त मला काही येत नाही."

लोक उठले. फाटकाबाहेर केन्जेबायचा दुसरा ट्रक सफरचंदं भरून उभा होता, कारण माल सडतो, तो सुतक पाळत नाही. ड्रायव्हरने मालकाला बघून किल्ली फिरवली. केन्जेबाय तीन दिवसांत म्हातारा झाला होता. तो पायरीवर चढला आणि खिडकीची काच ठोकली.

"किती झोपलास?"

"मी ठीक आहे, बाइके," ड्रायव्हर सवयीने मालकाला म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

ड्रायव्हरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या मारिपाकडे, आणि मान खाली घातली. "दोन तास."

केन्जेबायने खिडकीतून हात आत घातला, गाडी बंद केली आणि किल्ली काढून घेतली.

"घरी जा," तो म्हणाला. "झोप."